खानदेशातल्या घरासाठी मोठ्या पडद्याचा टीव्ही कसा निवडावा

मोठ्या पडद्याचा टीव्ही घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी शोरूम गाठतात, आणि निवड तिथेच चुकायला लागते. शोरूममध्ये ऊन शिरत नाही, दहा-पंधरा टीव्ही ओळीने लावलेले असतात, प्रत्येकावर कंपनीनेच दिलेली फुलांची आणि समुद्राची झळाळती चित्रफीत चालू असते, आणि टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्ये ठेवलेला असल्यामुळे उजेड व रंग दोन्ही मुद्दाम चढवलेले असतात. आपल्या घरात मात्र समोर ओट्याकडचे दार उघडे असते, पडद्यावर वृत्तवाहिनी चालू असते आणि आई दाराजवळच्या खाटेवरून तिरक्या नजरेने पाहत असते. म्हणून दुकानात जाण्याआधी एखाद्या दिवशी दुपारी दोन वाजता, नेहमी जसे असतात तसेच दार-पडदे ठेवून, टीव्हीच्या जागेसमोर पाच मिनिटे बसावे. त्या भिंतीसमोर खिडकी आहे का, घरातली माणसे नेमकी कुठे बसतात आणि दिवसभर काय पाहिले जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धी निवड घरीच होते.

आकारापासून सुरुवात करू. टीव्हीचे इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरके मोजलेले असतात. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो, ६५ इंची सुमारे १४४ बाय ८१ आणि ७५ इंची सुमारे १६६ बाय ९३. ऐकताना ५५ आणि ६५ यांत फारसे अंतर वाटत नाही, पण ६५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त असते. कागदावरच्या आकड्यांनी हे डोळ्यांसमोर येत नाही. आम्ही घरी खडूने भिंतीवर १४४ बाय ८१ ची चौकट आखली आणि दोन दिवस तशीच ठेवली. त्या चौकटीत विजेचे बटणफलक अर्धे येत होते आणि देव्हाऱ्याचा कोपरा झाकला जात होता, हे आखल्यावरच कळले.

बसण्याच्या अंतरासाठी एक सोपा हिशेब आहे. पडद्याच्या तिरक्या मापाला १.२ ने गुणले तर येते ते जवळचे अंतर आणि १.६ ने गुणले तर येते ते सोयीचे अंतर. त्या हिशेबाने ५५ इंचाला साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ इंचाला साडेसहा ते पावणेनऊ फूट आणि ७५ इंचाला साडेसात ते दहा फूट अंतर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकून बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून नऊ-दहा फुटांवर येतात, म्हणजे तिथे ६५ इंची टीव्ही मोठा होत नाही. मात्र हा हिशेब चांगल्या चित्रासाठी आहे. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. मोफत डिशवरच्या साध्या वाहिनीच्या चित्रात मात्र उभ्या दिशेने जेमतेम ५७६ ओळी असतात, आणि बाकीचे सगळे टीव्हीला अंदाजाने भरून काढावे लागते. पडदा जितका मोठा, तितका हा अंदाज उघडा पडतो. घरात मुख्यतः अशाच वाहिन्या पाहिल्या जात असतील, तर एक आकार कमी घेऊन उरलेल्या पैशांत त्याच कंपनीचे वरच्या दर्जाचे मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पडद्याच्या तंत्राकडे वळू, कारण सर्वांत जास्त गोंधळ नावांचा आहे. बाजारात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तो मुळात एलसीडी टीव्हीच असतो. त्याचा पडदा स्वतः उजेड देत नाही, मागे एलईडी दिवे असतात आणि द्रवस्फटिकांचा थर झडपेसारखा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड पाझरतोच, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो. क्यूएलईडी हेही वेगळे कूळ नव्हे. त्याच एलसीडी पडद्यामागे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे कण असलेला थर बसवलेला असतो, आणि तो निळ्या उजेडातून शुद्ध लाल व हिरवा रंग तयार करतो. या कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुईस ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले. म्हणजे क्यूएलईडीमुळे रंग सुधारतात, पण काळा रंग आपोआप सुधारत नाही, आणि विक्रेता जेव्हा ‘हा क्यूएलईडी आहे, सगळ्यात भारी’ असे सांगतो तेव्हा मागचे दिवे कसे लावले आहेत हे विचारावेच लागते.

ते दिवे फक्त कडेला असतील तर टीव्ही पातळ होतो, पण उजेड एकसारखा पसरत नाही. दिवे पडद्यामागे सर्वत्र पसरलेले आणि विभागवार मंद-तेज होणारे असतील, तर अंधाऱ्या भागामागचे दिवे मंदावतात आणि काळा रंग काळा दिसू लागतो. मिनी एलईडीमध्ये हे दिवे फार बारीक असतात आणि विभाग शेकड्यांत, महागड्या मॉडेलमध्ये हजारांतही जातात. तरीही विभाग ठिपक्यापेक्षा मोठाच असतो, म्हणून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली की त्यांच्याभोवती उजेडाचे पुसट वलय दिसते. दुकानात हे तपासण्यासाठी चित्रपटाच्या शेवटची श्रेयनामावली लावून पाहावी.

ओएलईडीची रीत निराळी आहे. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्या तोडीचे चित्र दुसरे नाही. कोनातून पाहिले तरी रंग फारसे उतरत नाहीत. पण मी खानदेशातल्या घरात हा टीव्ही सरसकट सुचवणार नाही, आणि त्याची कारणे आपल्या राहणीत आहेत. पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की ओएलईडीला उजेड कमी करावा लागतो, आणि दार उघडे असलेल्या खोलीत तेवढा उजेड अपुरा पडतो. क्वांटम डॉटवाल्या ओएलईडीचा काळा रंग तर खोलीतल्या उजेडाने किंचित जांभळट-राखाडी दिसतो. शिवाय या पडद्यातली सेंद्रिय द्रव्ये वापराने झिजतात, आणि जास्त उजेड व जास्त उष्णता यांनी ती लवकर झिजतात. एकच वृत्तवाहिनी रोज सहा-सहा तास चालू राहिली, तर तिचे बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी यांची छाया पडद्यावर कायमची उमटू शकते. ज्यांच्या घरी रात्री दिवे मालवून चित्रपट पाहिले जातात, वेगळी खोली आहे आणि बातम्या मोबाइलवर वाचल्या जातात, त्यांनी मात्र ओएलईडीच घ्यावा.

एलसीडी कुळातही पडदा व्हीए आणि आयपीएस अशा दोन जातींचा असतो, आणि दुकानदार आपण होऊन ते क्वचितच सांगतो. व्हीए जातीच्या पडद्याचा काळा रंग आयपीएसपेक्षा कित्येक पट गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडते. आयपीएस जातीचे नेमके उलटे असते. आमच्या घरी हा प्रश्न आईच्या खाटेने सोडवला. ती खाट पडद्याच्या बरीच बाजूला येते आणि टीव्हीसमोर सर्वांत जास्त वेळ तीच असते. म्हणून मी शोरूममध्ये प्रत्येक टीव्हीच्या बाजूला चार पावले सरकून, निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग बदलतो का हे पाहत गेलो. ज्यांच्याकडे सगळे समोरच बसतात, त्यांनी व्हीए घेणे उत्तम.

दुकानात आणखी दोन गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. कंपनीची चित्रफीत बंद करायला सांगून एखादी मराठी वृत्तवाहिनी लावावी आणि खालून सरकणारी पट्टी नीट वाचावी. सरकताना वेलांट्या आणि मात्रा अक्षराला चिकटून फरफटल्या, तर त्या पडद्याची हालचाल सांभाळण्याची ताकद कमी आहे असे समजावे. मग क्रिकेटचा सामना लावावा. चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा मैदानावरून फिरतो, तेव्हा हिरव्या रंगात उभे मळकट पट्टे दिसत असतील, तर मागचा उजेड असमान आहे. पडद्याचा मूळ वेग, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, ६० हर्ट्झ आहे की १२०, हेही विचारावे. खोक्यावर याहून मोठे आकडे छापलेले असतात, पण ते अनेकदा हालचाल गुळगुळीत करणाऱ्या प्रक्रियेचे असतात. एचडीआरची, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवण्याच्या सोयीची, चिठ्ठी तर आता जवळपास प्रत्येक टीव्हीवर असते. पडद्याचा उजेड २५०-३०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) एवढाच असेल, तर त्या चिठ्ठीचा उपयोग फारसा नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा ४० अंश दिलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहतो. म्हणून पश्चिमेकडून तापणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नये, मागे आणि वर हवा खेळायला चार बोटे जागा सोडावी, आणि कूलरचा ओलसर झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नये. धाब्याच्या जुन्या घरात मातीच्या भिंतीवर मोठा टीव्ही टांगण्याचा मोह टाळावा. तिथे खिळा धरत नाही, त्यापेक्षा रुंद पायांचे टेबल बरे.

विजेबद्दलही बोलले पाहिजे. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबासाठी स्टॅबिलायझर लागतोच असे नाही. धोका जास्त दाबाचा आहे. आमच्या गल्लीत एकदा वादळात न्यूट्रलची तार तुटली, घराघरांत दाब एकदम चढला आणि आमचा सेटटॉप बॉक्स धूर सोडून गेला. तेव्हापासून मी जास्त दाबाला वीज तोडणारे उपकरण आणि नीट घातलेले अर्थिंग हा टीव्हीच्याच किमतीचा भाग धरतो. ६५ इंची टीव्ही साधारण १०० ते २०० वॅट घेतो. टीव्ही इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा असावा.

किमतीकडे पाहताना इतके ध्यानात ठेवावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या किमतीवर दाखवलेली सूट तपासून घ्यावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. चोपडा, शहादा किंवा नवापूरला राहणाऱ्याने तंत्रज्ञ कुठून येतो आणि किती दिवसांत येतो, हे पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून विचारावे. फुटलेला पडदा हमीत येत नाही, आणि तो बदलण्याचा खर्च कित्येकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

म्हणून टीव्ही छोटा हत्तीतून आणताना खोके उभेच बांधावे, आडवे कधीही टाकू नये. खोके तंत्रज्ञासमोर उघडावे, उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, आणि पडदा लागल्याबरोबर एकदा पूर्ण पांढरा व एकदा पूर्ण काळा करून कोपरे पाहावेत. नंतर ‘स्टोअर मोड’ बंद करून ‘होम मोड’ निवडावा, दिवसासाठी ‘स्टँडर्ड’ आणि रात्रीसाठी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ चित्रप्रकार ठेवावा. खोके आणि आतले थर्माकोल मात्र बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावे.