निपाणीचे स्टेशन कुरुंदवाडला कसे गेले

हॅम रेडिओवरून, म्हणजे छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या बिनतारी संचावरून, आपले ठिकाण आणि हवामानाच्या नोंदी पाठवण्याची पद्धत एपीआरएस या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे वळताना अवघड भाग अँटेनाचा असेल अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात संच पहिल्याच संध्याकाळी चालू झाला आणि पुढचे कित्येक दिवस आकडे दुरुस्त करण्यात गेले.

परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, आणि प्राथमिक वर्गाला मोर्सची (टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीची) अट नसल्यामुळे नवख्याने त्याच वर्गापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. उत्तर अमेरिकेत या कामासाठी १४४.३९० आणि युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ वापरतात. आपल्याकडे मात्र इंटरनेटवर दिसलेला आकडा न उचलता परिसरातल्या जुन्या हॅमना विचारूनच फ्रीक्वेन्सी ठरवावी.

अमेरिकन नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेल्या या पद्धतीत माहितीचे छोटे पॅकेट १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत, सेकंदाला १२०० बिट या वेगाने जाते. कानाला ती क्षणभराची घरघर वाटते. उंचावरचा डिजिपीटर ते ऐकून पुन्हा प्रसारित करतो, तर आयगेट ते इंटरनेटवर चढवतो, आणि मग स्टेशन तिथल्या नकाशावर दिसते.

निपाणीचे माझे घर साधारण १६.४० अंश उत्तर आणि ७४.३८ अंश पूर्व येथे आहे. मी ट्रॅकरमध्ये, म्हणजे ठिकाण पाठवणाऱ्या उपकरणात, १६४०.०० आणि ०७४३८.०० असे भरले, आणि नकाशावर माझे स्टेशन सुमारे चाळीस किलोमीटर ईशान्येला, कुरुंदवाडच्या बाजूला जाऊन बसले. एपीआरएसला अंशांचे दशांश चालत नाहीत, त्याला अंश आणि मिनिटे लागतात, ०.४० अंश म्हणजे २४ मिनिटे आणि ०.३८ अंश म्हणजे २२.८ मिनिटे, त्यामुळे योग्य नोंद १६२४.०० आणि ०७४२२.८० अशी होते. सीमाभागातल्या माणसाला आपले घर महाराष्ट्रात गेलेले पाहून क्षणभर बरे वाटले, हे मी नाकारणार नाही.

हवामानाच्या पॅकेटने याहून मोठा घोळ घातला. तापमान फॅरनहाइटमध्ये, तीन अंकांत लिहायचे असते. मी २४ अंश सेल्सिअस हा आकडा तसाच ०२४ म्हणून पाठवला आणि ऐन पावसाळ्यात निपाणीचे तापमान उणे चार अंश सेल्सिअस दिसू लागले. तेथे ०७५ हवे होते. पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे २५.४ मिलिमीटरसाठी १०० लिहावे लागते. वाऱ्याचा वेग ताशी मैलांत असतो, हवेचा दाब मात्र मिलिबारच्या दशांशात. एकाच ओळीत दोन मोजमाप-पद्धती नांदतात, हे मला अजूनही विचित्र वाटते.

पुढे हातातला संच घेऊन तवंदी घाटात गेलो, तेव्हा वर पोहोचूनही नकाशावर काहीच उमटेना. पॅकेटचे स्वर या वेळी मोबाइलमधून संचात जात आणि ते येताच संच स्वतःच प्रसारण सुरू करत असे, पण त्याला जागे व्हायला लागणाऱ्या क्षणात पॅकेटची सुरुवात कापली जाई. मुख्य मजकुराआधीचा विलंब वाढवल्यावर पॅकेट पूर्ण जाऊ लागले, आणि परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत नकाशावर माझ्या गाडीचे चार ठिपके पडले होते.