डोपामाइन पेशींचं पॅच-क्लॅम्प रेकॉर्डिंग: स्लाइसपासून सीलपर्यंत

कंपवातात हालचाली मंदावतात त्या सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या भागातल्या डोपामाइन पेशी झडल्यामुळे. त्यांचा विद्युत-स्वभाव उंदराच्या मेंदूच्या ताज्या स्लाइसमध्ये, म्हणजे पातळ कापात, पॅच-क्लॅम्पने मोजता येतो: काचेच्या बारीक नळीचं (पिपेटचं) टोक पेशीच्या पडद्याला घट्ट चिकटवून. नवखे लोक अॅम्प्लिफायर शिकण्यात महिने घालवतात, पण बहुतेक प्रयोग फसतात ते त्याआधीच, द्रावणात आणि कापण्यात.

स्लाइस जिवंत ठेवणाऱ्या एक लिटर मुख्य द्रावणासाठी सोडियम क्लोराइड ७.३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१९, निर्जल सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१५, सोडियम बायकार्बोनेट २.१ आणि ग्लुकोज १.८ ग्रॅम घ्या. ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे किमान पंधरा मिनिटं सोडा. त्यानंतरच १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड १ मिली आणि कॅल्शियम क्लोराइड २ मिली घाला. हा क्रम उलटला तर कॅल्शियमचा साका बसतो. द्रावण गढूळ दिसलं की ओतून द्या, गाळून वापरू नका. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) ३०० ते ३१० मिलिऑस्मोल हवी, ती रोज मोजा.

प्रयोगाला प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते, हे सांगायला नको. भूल दिलेल्या उंदराचा मेंदू एक-दीड मिनिटात बाहेर काढून बर्फाळ द्रावणात गेला पाहिजे. प्रौढ उंदीर असेल तर कापताना सोडियमऐवजी सुक्रोज किंवा एनएमडीजी (सोडियमची जागा घेणारं संयुग) यांचं द्रावण वापरा. नेहमीच्या द्रावणात कापलं की सोडियम आत शिरून पेशी फुगतात. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या स्लाइस सहज जगतात, म्हणून मोह होतो. पण प्रश्न उतारवयात बळावणाऱ्या आजाराचा असेल, तर पिल्लांवरचं उत्तर जपूनच वापरावं.

व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याने काप घेणारं यंत्र) २०० ते २५० मायक्रॉनच्या आडव्या स्लाइस घ्या. पातं सेकंदाला ०.१ मिलिमीटरपेक्षा वेगाने पुढे सरकू नये. पात्याचं वर-खाली थरथरणं जमेल तितकं कमी करा, कारण पृष्ठभागावरच्या पेशी त्यानेच मरतात. मग ३२-३४ अंशांवर अर्धा तास आणि पुढे खोलीच्या तापमानाला ठेवा. मायक्रोस्कोपखाली फुगलेली, गोल केंद्रक ठळक दिसणारी पेशी संपलेली असते. मऊ कडांची, कमी उठाव असलेली पेशी निवडा.

पिपेटचा रोध ३ ते ५ मेगाओहम असावा. आत पोटॅशियम ग्लुकोनेटचं द्रावण, एटीपी-जीटीपीसह, पीएच ७.२५, ऑस्मोलॅरिटी २८५-२९०. त्यात बॅप्टा हे कॅल्शियम बांधणारं रसायन फार घातलं तर कॅल्शियमवर चालणाऱ्या एसके पोटॅशियम वाहिन्या निकामी होतात आणि पेशीच्या विद्युत-ठोक्यांची लयच बिघडते. मग ते आजाराचं लक्षण समजून बसाल. पिपेट हलक्या दाबाने खाली न्या. पेशीवर खळगा पडला की दाब सोडा, किंचित ओढा, विभव उणे ६० मिलिव्होल्टवर आणा. सील, म्हणजे टोक आणि पडदा यांची घट्ट चिकटण, एक गिगाओहमच्या वर गेलं पाहिजे. रेंगाळत असेल तर टोक घाण झालेलं असतं. तीच पिपेट दुसऱ्या पेशीवर लावणं ही खोटी काटकसर. पडदा फोडून आत शिरल्यावर (होल-सेल) पिपेट आणि पेशी यांच्यामधला सीरिज रोध २० मेगाओहमच्या आत हवा. मध्येच तो वीस टक्क्यांहून जास्त बदलला तर ती पेशी आकडेवारीतून काढा.

पेशी डोपामाइनचीच आहे कशावरून? तिची लय संथ आणि एकसारखी, सेकंदाला साधारण १ ते ५ ठोके. शेजारच्या गाबा हे रसायन सोडणाऱ्या पेशी बऱ्याच जलद चालतात. विभव उणे १२० मिलिव्होल्टकडे नेल्यावर हळूहळू वाढणारा, आयएच नावाचा आत येणारा प्रवाह दिसतो. मात्र एवढ्यावर छातीठोक दावा करू नये. पिपेटमध्ये बायोसायटिन (पेशी नंतर ओळखता यावी म्हणून खूण) भरा आणि नंतर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या डोपामाइन बनवण्यातल्या विकराचं रंजन करा.

ठोक्यांचा वेग मोजायचा असेल, तर पडदा न फोडता, सेल-अटॅच्ड पद्धतीने मोजा. होल-सेलमध्ये पेशीतला द्रव पिपेटमधल्या द्रावणाने धुतला जातो आणि लय काही मिनिटांतच बदलू शकते. बाथ (रेकॉर्डिंगवेळी स्लाइसवरचं द्रावण) ३२-३४ अंशांवर ठेवा, थंड स्लाइसमध्ये वेग घटतो. आजारी आणि निरोगी उंदरांची तुलना दोन वेगळ्या तापमानांत झाली, तर हाती येणारा फरक बाथच्या हीटरचा असतो.

आणि मोजणी करताना एका उंदराच्या दहा पेशी म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. प्राणी हाच एकक धरून विश्लेषण करा. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे रेकॉर्डिंग करणाऱ्याला कळू देऊ नका.