पावतीचा नंबर पानावर आडवा नाही, गठ्ठ्यात खाली चालवायचा

दुकानात एक नवीन पोरगी कामाला लागलीय. टायपिंग फास्ट आहे, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) येतं, एक्सेल माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि तरी पहिल्याच पावती बुकाला तिने तेच केलं जे मी माझ्या पहिल्या सीझनला केलं होतं. म्हटलं आता एकदा बसून लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या प्रत्येकाला तोंडी सांगत बसायचं काम नाही.

दुकान आमचं यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात, काकांचं. पुढे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा वगैरे, आणि मागच्या खोलीत ताडपत्रीखाली झाकलेली जुनी ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन. बीकॉम झाल्यावर मी "तात्पुरती" म्हणून बसले ती बसलेच. पोळ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस म्हणजे आमची दिवाळी, कारण पोळा झाला की चार दिवसांत गणपती, आणि मंडळाच्या पोट्ट्यांना वर्गणी मागायला पावती बुकं तर पोळ्याच्या आधीच लागतात. नंतर लगेच दुर्गा उत्सव, मग सप्ताह, मग कापूस निघाला की व्यापाऱ्यांची बिल बुकं.

तर माझं पहिलं काम. वीस बुकं, प्रत्येकी शंभर पावत्या, म्हणजे २,००० नंबर. ए-फोरवर चार पावत्या बसवल्या, ५०० पानं, बरोबर एक रीम, मला तर हिशोब इतका सुंदर वाटला की काय सांगू. पहिल्या पानावर १, २, ३, ४, दुसऱ्यावर ५, ६, ७, ८, असं करत शेवटच्या पानावर १९९७ ते २०००. छापलं, तालुक्याला पाठवून कटिंग करून आणलं, गोणपाटातून गठ्ठे काढले आणि बघते तर एका गठ्ठ्यात १, ५, ९, १३, दुसऱ्यात २, ६, १०, १४. वर कटिंगवाल्याने एका वेळी शंभरच पानं कापली म्हणून असे वीस गठ्ठे, आणि ते गोणपाटात एकमेकांत मिसळलेले.

काकांनी एक गठ्ठा उचलला, अंगठ्याने फर्रकन पाहिला आणि म्हणाले, "काय करून ठेवलं वं हे? आता बस रातभर यक-यक लावत."

बसले. आई, मी आणि लहान भाऊ. फरशीवर गठ्ठे मांडून प्रत्येकातून एक-एक उचलायची, ऐकायला सोपं वाटतं पण नवीन कापलेली पानं कडेला चिकटतात, एकदा दोन सोबत आल्या की तिथून पुढचं सगळं सरकतं आणि ते कळतं पन्नास पावत्यांनंतर. पंखा लावायची सोय नाही, कारण पावत्या उडतात. ऑगस्टमधला उकाडा, पंखा बंद, आणि ३१२ नंबर सापडत नाही. पहाटे आईच्या पदराखाली सापडला.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण पान वाचतो डावीकडून उजवीकडे, म्हणून नंबरही तसेच टाकत जातो. पण कटिंग मशीनला पान कळत नाही, तिला गठ्ठा कळतो. ती वरून खाली कापते आणि एका जागेवरच्या सगळ्या पावत्या एकाखाली एक येतात. म्हणून नंबर एका पानावर आडवा न चालवता गठ्ठ्यात खाली चालवायचा. पटत नसेल तर चार कोरे कागद घ्या, प्रत्येकाचे घडी घालून चार चौकोन करा. पहिल्यावर लिहा १, ५, ९, १३. दुसऱ्यावर २, ६, १०, १४. तिसऱ्यावर ३, ७, ११, १५, चौथ्यावर ४, ८, १२, १६. चारही एकावर एक ठेवा, घडीवर कापा. हातात चार गठ्ठे येतील, १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२, १३ ते १६. नवीन पोरीला मी हेच करायला लावलं, तिला दोन मिनिटांत समजलं, मला कोणी हे करून दाखवलं नव्हतं.

इथपर्यंत इंटरनेटवर पण मिळतं. एकूण पावत्या भागिले एका पानावरच्या पावत्या, तेवढी पानं, आणि प्रत्येक चौकोनात तेवढं अंतर. म्हणजे २,००० ला ५००, पहिल्या पानावर १, ५०१, १००१, १५०१. बरोबरच आहे, पण मी तसं करत नाही आणि तुम्हीही करू नका. का, ते सांगते.

एक तर पाचशे पानं एका दाबात कापणारी मशीन गावाकडे असतेच असं नाही, मग तुकडे पडतात. दुसरं, गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन म्हणतं, "ताई, आजच्या पुरते चार बुकं दे ना वं." तुम्ही तोवर शंभर पानं छापलेली असतात, पण त्यात बुकं निघतात १ ते १००, ५०१ ते ६००, १००१ ते ११०० आणि १५०१ ते १६००. खजिनदार ते पाहून आधी चक्रावतो, मग वैतागतो. आणि तिसरं म्हणजे मंडळात भांडण झालं, दोन गट पडले, आणि निरोप आला की २,००० नको १,२०० च करा. हे आमच्याकडे झालेलं आहे. अशा वेळी मधेच थांबलात तर नंबरांत भोकं पडतात.

म्हणून लॉट, म्हणजे पानांचे छोटे हप्ते, पाडायचा, आणि लॉट बुकाएवढा. बुक शंभरचं असेल तर लॉट शंभर पानांचा. पहिल्या पानावर १, १०१, २०१, ३०१. शंभराव्या पानावर १००, २००, ३००, ४००. इथे पहिला लॉट संपला, कापला की सरळ चार बुकं हातात, मोजायचं सुद्धा काम नाही. एकशेएकाव्या पानावर ४०१, ५०१, ६०१, ७०१. असे पाच लॉट, अगदी शेवटच्या पानावर १७००, १८००, १९००, २०००. १,२०० वर थांबायचं तर तीन लॉट झाले की थांबा, काही बिघडत नाही. कटिंगला पण शंभर पानं आरामात जातात.

बुक पन्नासचं असेल तर अंतर पन्नासचं. स्थळप्रतीवाली (बुकातच राहणारा भाग जोडलेली) लांब पावती असेल तर ए-फोरवर तीन बसतात, तेव्हा १, १०१, २०१ आणि दुसरा लॉट ३०१ पासून. एक ध्यानात ठेवा, स्थळप्रत आणि पावती दोन्हीवर तोच नंबर पाहिजे, म्हणून वर्डमध्ये नंबराचं एकच फील्ड (एक्सेलमधला आकडा येऊन बसतो ती जागा) दोन ठिकाणी टाकायचं, दोन वेगळे कॉलम करायचे नाहीत.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक पान. पहिल्या कॉलममध्ये १ ते १०० ओढून घ्या, दुसऱ्या कॉलमला पहिला अधिक १००, तिसऱ्याला अधिक २००, चौथ्याला अधिक ३००. खाली एकशेएकाव्या ओळीत पहिल्या कॉलममध्ये ४०१ टाकून परत ओढा, बाकीचे तीन आपोआप येतात. मग वर्डच्या मेल मर्जमध्ये (एक्सेलमधले आकडे ओळीओळीने पानावर टाकणारी सोय) लेटर निवडा, लेबल नाही. लेबल निवडलं की वर्ड स्वतःच पहिला सोडून प्रत्येक चौकोनाआधी नेक्स्ट रेकॉर्ड, म्हणजे "पुढची ओळ घे", घुसवतो आणि परत तेच १, २, ३, ४ आडवं सुरू. नवीन पोरीची चूक नेमकी इथे झाली, एक्सेल तिचं बरोबर होतं. कोरलचं प्रिंट मर्ज वापरत असाल तरी एक ओळ एक पान हाच नियम. आणि ०००१ असा नंबर पाहिजे असेल तर एक्सेलमध्ये नुसता सेलचा फॉरमॅट बदलून चालत नाही, वर्डमध्ये आला की शून्य गायब होतात, टेक्स्ट फॉर्म्युला लावून वेगळा कॉलम करायचा आणि तो जोडायचा.

गणपतीचा मोठा रंगीत फोटो असेल तर पाचशे पानांचं मर्ज कॉम्प्युटरला झेपत नाही, फाइल फुगते. मी तेव्हा पावती आधी कोरी छापून घेते, रंगीत असेल तर ऑफसेटवरून, आणि नंबर नंतर नुसते वरून मारते. ऑफसेटची शाई नीट सुकू द्या, नाही तर लेझरच्या गरम रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक पानावर बाप्पाची सावली उमटते.

संपूर्ण काम सोडायच्या आधी फक्त तीन पानं छापायची, लॉटचं पहिलं, लॉटचं शेवटचं, आणि पुढच्या लॉटचं पहिलं. ती जुळली की बाकी जुळतंच.

आता प्रिंटर. लेझरमधून पान पालथं पडतं, म्हणून गठ्ठा उलटा केला की एक नंबर वर. आमच्या इंकटँकमधून पान उताणं पडतं, त्यामुळे एक नंबर सगळ्यात खाली जातो, तिथे रिव्हर्स ऑर्डर (शेवटचं पान आधी) लावावी लागते. तसंही पावतीला इंकटँक मी टाळते, भर पावसात वर्गणी फिरतात पोट्टे, एक थेंब पडला की आकडा पसरतो. काकांना हा उलट-सुलट प्रकार सांगितला तर ते हसले. ट्रेडलवर नंबरिंगचा ठोकळा असायचा, प्रत्येक दाबाला आकडा एकने पुढे जायचा, आणि त्यात उलटे ठोकळेपण मिळायचे, मोठ्या नंबरापासून खाली उतरणारे, म्हणजे छापून संपलं की गठ्ठ्यावर एक नंबर आपोआप वर. चार पावत्यांना चार ठोकळे, चारही वेगवेगळ्या आकड्यावर लावलेले. म्हणजे मी जे एका रात्रीत रडत शिकले ते ट्रेडलवाल्यांना आधीपासून पाठ होतं. काकांना विचारलं की मला आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू इचारलं कुठं? तू तं कॉम्प्युटर शिकून आली होती."

लाइन जाते तेव्हा सगळ्यात जास्त घोळ होतो. आमच्या इन्व्हर्टरवर लेझर चालत नाही. पान अर्ध्यात अडकतं, लाइन आली की प्रिंटर कधी तेच पान परत काढतो, कधी काढत नाही. म्हणून लाइन आल्यावर लगेच प्रिंट द्यायची नाही. शेवटचं चांगलं पान पाहायचं, त्याच्यावरचा नंबर, आणि त्याच्या पुढच्या रेकॉर्डपासून नव्याने सोडायचं. पावसाळ्यात कागद दमट होतो, दोन पानं सोबत जातात, मग मधेच एक पान कोरं निघतं. लॉट झाला की शंभर मोजा. १०१ भरले तर कोरं किंवा डबल आहे, ९९ भरले तर एक प्रिंटरच्या पोटात आहे.

कटिंगला पाठवताना प्रत्येक लॉटच्या खाली एक रद्दीचं पान ठेवा आणि त्याच्या चार चौकोनांत क, ख, ग, घ लिहा. कापल्यावर प्रत्येक गठ्ठ्याच्या बुडाशी त्याचं अक्षर येतं, कटिंगवाल्याने कितीही उलटंपालटं भरलं तरी फिकीर नाही. नंबर कापायच्या रेषेपासून अर्धा सेंटीमीटर तरी आत ठेवा, दाबाखाली गठ्ठा सरकतो आणि खालची पानं जरा तिरकी कापली जातात. बुक झालं की पाठीच्या बाजूने पेन्सिलीची एक तिरकी रेघ मारा, पुढे कधी एखादी पावती निघून चुकीच्या जागी गेली तर ती रेघ तुटलेली दिसते.

व्यापाऱ्यांच्या बिल बुकाला तर नंबरात चूक चालतच नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग पाहिजे, एका आर्थिक वर्षात परत यायला नको, आणि अक्षरं-आकडे मिळून जास्तीत जास्त १६ चा पाहिजे. म्हणून कृषी केंद्रवाले एप्रिलमध्ये नवीन सिरीज मागतात. त्यांना आधी विचारा शेवटचं बिल किती नंबरचं झालं, अंदाजाने सुरू करू नका.

आणि आता जे मला सांगायला आवडत नाही ते. एका मंडळाचं काम होतं, ४३७ नंबरची पावती बांधताना फाटली. मी ते एक पान परत छापलं. पण पान छापलं म्हणजे त्यावर चार नंबर आले, ४३७, ५३७, ६३७, ७३७. मी ४३७ कापून बुकात लावली आणि बाकीच्या तीन टेबलावरच राहिल्या. कव्हर लावणाऱ्या पोराला ६३७ दिसली, त्याला वाटलं बुकातून निसटली, त्याने बिचाऱ्याने बरोबर जागा शोधून आत सारली. पुढे मंडळाच्या हिशोबात ६३७ नंबरच्या दोन पावत्या, एक १०१ रुपयांची आणि एक ५०१ रुपयांची. ते बुक ज्या मुलाकडे होतं त्याच्यावर सगळे चढले, म्हणे यानेच डुप्लिकेट छापून घेतलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. मला कळलं तीन दिवसांनी. मी जाऊन सांगितलं चूक माझी, पान दाखवलं, हिशोब मांडून दाखवला, खजिनदाराला पटलंही.

आता परत छापलेल्या पानाच्या उरलेल्या तीन पावत्या मी कात्री खाली ठेवायच्या आधी फाडते, आणि फाटलेली मूळ पावती रद्द लिहून बुकाला पिन करून देते. तो मुलगा झेरॉक्सला अजून चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातो.