ड्राफ्ट झाला, आता आशा लावताना या चुका टाळा

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) संपतो आणि त्या शनिवारी रात्री बत्तीसच्या बत्तीस टीमचे फॅन एकच वाक्य बोलत असतात, यंदा आपलं जमणार. मला हे दिवस फार आवडतात, सगळ्यांचा रेकॉर्ड शून्य-शून्य असतो, कालपर्यंत कोच हाकला म्हणून ओरडणारा माणूस पण नव्या पोरांचे कॉलेजचे व्हिडिओ लावून बसलेला असतो. ही आशा कमी करा असं मी कोणाला सांगणार नाही. पण ती चुकीच्या जागी लावली की ऑक्टोबर येईपर्यंत तिचा राग होतो आणि तो सगळा राग २२ वर्षांच्या एका पोरावर निघतो, आणि हे मला खरंच बघवत नाही. म्हणून हे लिहितोय, खास करून आपल्या मराठी लोकांसाठी, जे शिकागो, डॅलस, डेट्रॉईट, बे एरियात राहून तिथल्या टीमचे झालेत, आणि इकडे भारतातले पण, जे शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून पहिला राऊंड लाईव्ह बघतात.

नवीन असाल तर एवढं बघा. आयपीएल ऑक्शनसारखी पैशाची बोली इथे नसते. मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम पहिली खेळाडू निवडते, सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेली पहिल्या राऊंडमध्ये सगळ्यात शेवटी, असे सात राऊंड. पिक, म्हणजे निवडीची पाळी, ट्रेड (अदलाबदल) करता येतात त्यामुळे हा क्रम हलत राहतो. आणि २०११ पासून नव्या पोराचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला यावरून जवळजवळ ठरलेलाच असतो, करार चार वर्षांचा. म्हणजे चांगला पोरगा मिळाला तर चार वर्षं तो स्वस्तात खेळतो आणि वाचलेल्या पैशातून बाकीची टीम उभी करता येते. ड्राफ्टमधली खरी आशा ही आहे, आणि ती एका सप्टेंबरपुरती नसते.

मॉक ड्राफ्टमधल्या एका नावात जीव अडकवणं

फेब्रुवारीपासून मॉक ड्राफ्ट (कोणती टीम कोणाला घेईल याचे अंदाज) वाचून वाचून आपण एक नाव पक्कं करतो, मग टीमने दुसराच कोणी घेतला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. १९९९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे फॅन न्यूयॉर्कला ड्राफ्टच्या हॉलमध्ये जाऊन बसले होते, त्यांना रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) रिकी विल्यम्स हवा होता, ईगल्सनी दोन नंबरवर क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा) डॉनोव्हन मॅकनॅब घेतला आणि त्या पोराच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी स्वतःच्याच फॅन्सनी त्याला हूटिंग केलं. त्याच मॅकनॅबने पुढे ईगल्सना पाच वेळा एनएफसी चॅम्पियनशिप गेमपर्यंत (सुपर बोलच्या आधीची सेमीफायनल) आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेलं. रिकी विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीचे आपले सगळे पिक दिले, वर पुढच्या वर्षीचे पण दोन, आणि तीन सीझननंतर त्याला ट्रेड करून टाकलं.

उपाय सोपा आहे, नाव ठरवू नका, जागा ठरवा. आपल्याला लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा) पाहिजे, कॉर्नर (समोरच्या पास पकडणाऱ्याला रोखणारा) पाहिजे, पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) पाहिजे, अशी तीन-चार गरजांची यादी करा आणि सात राऊंड झाल्यावर त्यातल्या किती भरल्या ते बघा, मन पण शांत राहतं आणि टीमने काय विचार केला असेल तेही कळायला लागतं.

रविवारी सकाळी आलेली ग्रेड खरी मानणं

ड्राफ्ट संपून बारा तास होत नाहीत तोवर प्रत्येक टीमला ए, बी, सी ग्रेड मिळते, एकाही पोराने अजून एनएफएलमध्ये एकही प्ले (चाल) खेळलेला नसतो. ती ग्रेड असते फक्त लोकांच्या यादीतल्या नंबरपेक्षा टीमने पोरगा आधी घेतला की नंतर याची.

याला सगळ्यात चांगलं उदाहरण डेट्रॉईट लायन्सचं २०२३. आधी या टीमची कहाणी लक्षात घ्या, २००८ मध्ये ०-१६ (आधी विजय, मग पराभव), २०२१ मध्ये ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा), तीन दशकांत प्लेऑफमध्ये एक विजय नाही. २०२३ ला त्यांनी १२ नंबरवर रनिंग बॅक जमीर गिब्स घेतला, १८ वर बचावातला लाईनबॅकर जॅक कॅम्पबेल, आणि सगळीकडून टीका सुरू झाली की या पोझिशनवर पहिल्या राऊंडचे पिक घालवतात का कोणी. दुसऱ्या राऊंडमध्ये टाईट एंड (पास पण पकडणारा) सॅम लापोर्टा आणि बचावातला सेफ्टी ब्रायन ब्रँच. मग काय झालं, तर सीझनच्या पहिल्याच मॅचला, कॅन्सस सिटीच्या घरात, ब्रँचने त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्सचा पास पकडून थेट टचडाऊन केला आणि लायन्स २१-२० जिंकले. लापोर्टाने पहिल्याच सीझनमध्ये ८६ कॅच घेतले. टीम १२-५, जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सना २४-२३ हरवून ३२ वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. पुढच्या सीझनला १५-२.

पण इथे अजून एक गोष्ट आहे जी फॅन विसरतात, हे सगळं एका ड्राफ्टमधून आलेलं नाही. २०२१ ला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला रॅम्सकडे पाठवून त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि पहिल्या राऊंडचे दोन पिक मिळवले, त्याच वर्षी सात नंबरवर टॅकल पेनेई सूएल घेतला जो ड्राफ्टच्या रात्री फार कोणाला ग्लॅमरस वाटला नव्हता, चौथ्या राऊंडमध्ये ११२ नंबरवर अमॉन-रा सेंट ब्राऊन, २०२२ ला दोन नंबरवर एडन हचिन्सन. तीन ड्राफ्टचा थर एकावर एक बसला तेव्हा १२-५ झालं. म्हणून ग्रेड द्यायचीच असेल तर आज तीन वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टला द्या.

क्वार्टरबॅक आला म्हणजे सगळं झालं असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दुखावणारी, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

कधीकधी खरंच लगेच होतं. ह्यूस्टनला २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राऊड मिळाला आणि टीम ३-१३-१ वरून १०-७ वर गेली, वॉशिंग्टनला २०२४ मध्ये जेडन डॅनियल्स मिळाला आणि ४-१३ वरून १२-५, थेट एनएफसी चॅम्पियनशिप गेम. हे दोघं बघून आता प्रत्येक फॅनला वाटतं आपला पण असाच होणार, पण या दोन्ही ठिकाणी त्याच वर्षी नवा हेड कोच आलेला होता, डेमेको रायन्स आणि डॅन क्विन, ह्यूस्टनने तर लगेच तीन नंबरचा पिक पण मिळवून विल अँडरसन घेतला होता. एकटा पोरगा आला नव्हता.

उलटी बाजू बघा. २०२३ ला स्ट्राऊडच्या आधी एक नंबरवर ब्राईस यंग गेला, कॅरोलायनाने त्याच्यासाठी शिकागोला आपला सगळ्यात चांगला रिसीव्हर (पास पकडणारा) डी. जे. मूर दिला आणि वर पिकची रास दिली. मग त्या पोराला पास द्यायला रिसीव्हर नाहीत, पुढे वाचवणारी लाईन नाही, सीझनमध्ये ६२ वेळा सॅक (बॉल हातात असतानाच पाडला गेला), नोव्हेंबरमध्ये कोच काढला, रेकॉर्ड २-१५. त्या २-१५ मुळे कॅरोलायनाचा पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिक थेट एक नंबरचा झाला आणि तो होता शिकागोकडे, त्यातून आला केलेब विल्यम्स. शिकागोच्या लोकांनी २०२४ च्या उन्हाळ्यात काय काय स्वप्नं बघितली असतील विचार करा, त्या शहराने कित्येक वर्षं क्वार्टरबॅकची वाट बघितलीय. आणि झालं काय, ६८ सॅक, सलग दहा पराभव, नोव्हेंबरमध्येच आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) गेला मग हेड कोच, शेवटी ५-१२. तेव्हा विल्यम्सलाच फ्लॉप म्हणणारे कमी नव्हते.

मग शिकागोने जे केलं ते नीट बघण्यासारखं आहे. डेट्रॉईटचा ऑफेन्स चालवणारा बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आणला, लाईनमध्ये जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन असे तीन अनुभवी लोक आणले, आणि २०२५ मध्ये तोच विल्यम्स घेऊन शिकागो बेअर्सनी डिव्हिजन (आपला चार टीमचा गट) जिंकली. पोरगा तोच होता, त्याच्या पुढची भिंत बदलली आणि कानात बोलणारा माणूस बदलला.

म्हणून तुमच्या टीमने क्वार्टरबॅक घेतला असेल तर आधी या तीन गोष्टी तपासा: त्याच्या पुढचे पाच लाईनमन कोण आहेत, प्ले कोण कॉल करणार, आणि तिसऱ्या डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) भरवशाने बॉल पकडेल असा एक तरी माणूस आहे का. तिन्हीचं उत्तर गडबड असेल तर पहिल्या सीझनकडून विजय मागू नका, फक्त पोरगा धडधाकट राहू दे एवढंच मागा.

आणि पहिल्या सीझनचे आकडे वाईट आले तरी लगेच निकाल लावू नका हो. पेटन मॅनिंग १९९८ ला एक नंबरवर आला, पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), टीम ३-१३, दुसऱ्या वर्षी १३-३. जॉश अॅलनचे पहिल्या वर्षी ५३ टक्के पण पास पूर्ण होत नव्हते, टचडाऊन १० आणि इंटरसेप्शन १२. २०२० ला बफेलोने रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आणला तेव्हा तेच ६९ टक्के झाले, आणि २०२४ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच.

पोरगा बेंचवर आहे म्हणजे पिक वाया गेला

नाही. ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसला, जॉर्डन लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागे, मॅहोम्सने पहिल्या सीझनमध्ये एकच मॅच सुरू केली आणि दुसऱ्या सीझनमध्ये ५० टचडाऊन. बसवून ठेवणं ही बऱ्याचदा टीमने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट असते, फक्त आपल्याला ती बघायला कंटाळवाणी वाटते.

ट्रेड करून वर गेलो याचा आनंद, किंमत न मोजता

२०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोने बारा नंबरवरून तीन नंबरवर यायला पहिल्या राऊंडचे एकूण तीन पिक दिले आणि ट्रे लान्स घेतला. त्याने त्यांच्यासाठी दोन सीझनमध्ये चार मॅच सुरू केल्या, दुखापत झाली, २०२३ मध्ये चौथ्या राऊंडच्या एका पिकसाठी तो डॅलसला गेला. लान्सचा यात काही दोष आहे असं मला वाटत नाही, कॉलेजमध्येच फार कमी खेळलेला पोरगा होता तो, त्याला वेळ हवा होता. पण फॅन म्हणून ट्रेडच्या रात्री हे लिहून ठेवा की पुढच्या दोन वर्षांचे कोणते पिक गेले, म्हणजे पुढच्या एप्रिलला पहिल्या राऊंडच्या रात्री आपलं नावच का येत नाही असा प्रश्न पडणार नाही.

शनिवारी टीव्ही बंद करणं

चौथा ते सातवा राऊंड शनिवारी होतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोला वाचवलं कोणी, तर २०२२ च्या ड्राफ्टमधल्या शेवटच्या, म्हणजे २६२ व्या पिकने. ब्रॉक पर्डी. दोन क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर डिसेंबरमध्ये आत आला आणि पुढच्या सीझनला टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. टॉम ब्रेडी १९९ व्या नंबरचा, कर्ट वॉर्नरला तर कोणी ड्राफ्टच केलं नव्हतं. चौथ्या ते सातव्या राऊंडमधली नावं आणि ड्राफ्टनंतर साईन केलेली पोरं यांची यादी जपून ठेवा. उन्हाळ्यात टीममध्ये ९० जण असतात, सीझनला ५३ राहतात, त्यात शेवटच्या आठ-दहा जागांची लढाई हीच पोरं लढतात आणि ऑगस्टच्या प्रीसीझन मॅच बघायच्या तर यांच्यासाठी बघा. तिथले स्कोअर मात्र मनावर घेऊ नका, लायन्स २००८ ला प्रीसीझनच्या चारही मॅच जिंकले होते आणि मग ते ०-१६.

ऑक्टोबर आला, टीम १-५ आहे, आता काय

आधी बघा की हरतोय कसे. शेवटच्या ड्राईव्हला (आक्रमणाच्या शेवटच्या फेरीत), तीन-चार पॉईंटने हरत असाल तर धीर धरा, लायन्स २०२२ ला १-६ होते आणि ९-८ वर संपले. तीस-तीस पॉईंटने हरत असाल आणि क्वार्टरबॅक दर रविवारी जमिनीवर दिसत असेल तर प्रॉब्लेम लाईनचा नाहीतर कोचचा आहे, राग काढायचाच तर तिकडे काढा. रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) किती प्ले खेळतोय ते आठवड्यागणिक वाढतंय का बघा, वाढत असेल तर कोचिंग स्टाफला त्याच्यात काहीतरी दिसतंय. आणि त्या पोराच्या अकाउंटवर जाऊन घाण लिहू नका, त्याच्या घरचे पण ते वाचतात.

सगळं नीट करूनही गाडी अडते हेही धरून चाला. त्याच लायन्सचे २०२५ च्या आधी दोन्ही कोऑर्डिनेटर दुसरीकडे हेड कोच म्हणून गेले, लाईनमधला सेंटर फ्रँक रॅगनाऊ रिटायर झाला, आणि इतका चांगला ड्राफ्ट केलेली टीम प्लेऑफच्या बाहेर राहिली. यात कोणी पोरगा फसलेला नाही.

शेवटचं एक, कॅलेंडरवर मे महिना लावून ठेवा. पहिल्या राऊंडमधल्या खेळाडूचे तीन सीझन झाले की टीमला त्याचं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही ते मेच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. डॅलसने लान्सचं घेतलं नाही. डेट्रॉईट सूएलसाठी तेवढं पण थांबलं नाही, २०२४ मध्ये डेट्रॉईटलाच ड्राफ्ट होता त्याच्या आदल्या दिवशी त्याला आणि चौथ्या राऊंडच्या सेंट ब्राऊनला करारात चार-चार वर्षं वाढवून दिली, सूएलला ११ कोटी २० लाख डॉलर, सेंट ब्राऊनला १२ कोटी. तुमच्या टीमच्या तीन वर्षांपूर्वीच्या पोरांना करार वाढवायचा असा फोन गेलाय का ते आधी बघा, मग यंदाच्या पोरांची जर्सी ऑर्डर करा.