मोड लावला तरी गाडी रुतली? इलेक्ट्रिक पिकअपचे ऑफ-रोड मोड वापरताना या चुका टाळा

मोड बदलल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं, ते आधी समजून घ्या. पेडल (ॲक्सिलरेटर) दाबल्यावर मोटरने किती जोर लावायचा, चाक किती घसरू द्यायचं, ब्रेकने मध्ये कधी पडायचं, पेडल सोडल्यावर गाडीने किती ओढून धरायचं आणि एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबाने गाडी वर-खाली करणारी यंत्रणा) असेल तर गाडी किती उचलायची, एवढंच मोडच्या हातात असतं. टायर तेच राहतात. अडीच-तीन टन वजनही तेच राहतं. खान्देशात तर एका दिवसाच्या फेरीत जमीन तीनदा बदलते: तापीकाठची खोल काळी माती, गिरणा-पांझरेच्या पात्रातली वाळू, सातपुड्याच्या पायथ्याचे दगडगोटे. सकाळी लावलेला मोड संध्याकाळपर्यंत तसाच ठेवून इथे भागत नाही.

मोडची नावं कंपनीगणिक वेगळी असतात, पण चिखल, वाळू, दगड आणि बर्फ किंवा गवत अशी विभागणी बहुतेक ठिकाणी सापडते. नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आपल्या गाडीत मोटर किती आणि डिफरेन्शियल (एका ॲक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) कोणतं, हे माहीत असणं. रिव्हियन आर-वन-टीच्या चार मोटरच्या मॉडेलमध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगमध्ये दोन मोटर आहेत आणि मागच्या ॲक्सलला लॉक होणारं डिफरेन्शियल आहे. टाटाच्या हॅरियर ईव्हीसारख्या दोन मोटरच्या फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही चालवणाऱ्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं.

रुतल्यावर मोड शोधणं

सर्वात जास्त होणारी चूक हीच. गाडी उचलायला एअर सस्पेन्शनला वेळ लागतो, आणि पोट चिखलाला टेकलं असेल तर उचलूनही फारसा उपयोग होत नाही. डांबर सोडण्याआधी थांबा, मोड लावा, गाडी पूर्ण वर आल्याचं स्क्रीनवर दिसू द्या आणि मगच पांदणीत घाला. काही गाड्यांमध्ये ठरावीक वेगाच्या वर मोड बदलतच नाही. चालत्या गाडीत बटण दाबून मोड लागला असं समजू नका, स्क्रीनवरचं नाव बघा.

काळ्या मातीत मड मोडवर विसंबणं

मड मोड चाकांना थोडं जास्त फिरू देतो. टायरच्या खाचांतला चिखल बाहेर फेकला जावा, हा त्यामागचा हेतू. मुरमाड किंवा वाळूमिश्रित चिखलात तो साधतो. आपली काळी माती मात्र चिकण आहे. चाकाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच खाचा गच्च भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग माती मडगार्डच्या आत साचत जाते आणि चाकाला घासू लागते. अशा वेळी पेडल आणखी दाबलं की चाक जागच्या जागी खड्डा खणतं. डिझेल गाडीत इंजिनाचा जोर चढायला थोडा वेळ लागतो, इथे मोटर शून्य वेगालाही पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते. त्यामुळे हा खड्डा दोन-चार सेकंदांत ॲक्सलपर्यंत जातो.

म्हणून मोड लावण्याआधी खाली उतरून वाफसा बघा. पेरणीआधी शेतकरी करतो तीच परीक्षा: मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटला तर जायला हरकत नाही. पडून नुसता चपटा झाला आणि बोटांना लगदा चिकटून राहिला, तर कोणताही मोड लावा, गाडी जाणार नाही. जोरदार पावसानंतर चांगली उघडीप मिळेपर्यंत ती पांदण सोडून द्या.

जाण्यासारखी माती असेल तर ताशी १० ते १५ किमीचा एकसारखा वेग ठेवा. ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत उतरू नका. पिकअपचं पोट मधल्या उंचवट्यावर बसतं आणि चारही चाकं अधांतरी फिरतात. स्क्रीनवर वेग ताशी २० किमी दिसतोय, पण बांधावरचं झाड जागेवरच आहे, असं झालं की ताबडतोब पेडल सोडा. आपल्याच चाकोरीतून हळूहळू मागे या, स्टिअरिंग सरळ ठेवून. मागेही हलत नसेल तर खोरं काढा, चारही चाकांपुढची आणि पोटाखालची माती मोकळी करा.

टायरखाली काय घालायचं, यातही केळीच्या पट्ट्यात हमखास चूक होते. रावेर-यावलकडे बांधावर केळीचे खांब आयते पडलेले असतात, तेच घातले जातात. ते पाण्याने भरलेले असतात. चाकाखाली चिरडले की साबणासारखे घसरतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांची जुडी आडवी घातली तर पकड मिळते.

बर्फाचा मोड आपल्याकडे बिनकामाचा, असं बरेच जण समजतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या काळ्या मातीच्या थरावर तोच मोड सर्वात उपयोगी आहे. तो पेडलचा प्रतिसाद मऊ करतो, त्यामुळे गाडी अचानक तिरपी होत नाही.

वाळूत पेडल झटकन सोडणं

वन-पेडल ड्रायव्हिंगची (ब्रेक न दाबता, पेडल सोडूनच गाडी थांबवण्याची) सवय इथे नडते. पेडल सोडलं की रिजन (मोटरच गाडीला ओढून धरते आणि वीज परत बॅटरीत भरते) जोरात लागतं, चाक वाळूत रुततं आणि टायरपुढे वाळूचा ढीग तयार होतो. पुन्हा निघताना गाडीला आधी तो ढीग चढावा लागतो. सँड मोडमध्येही रिजनची सेटिंग बघून ती सर्वात कमीवर ठेवा. थांबायचं असेल तर ब्रेक न दाबता गाडीला आपोआप मंदावू द्या, शक्यतो किंचित उतारावर. वळण मोठं घ्या. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की ते आवरणारी यंत्रणा) मध्येच ताकद कापत असेल आणि मोडने ते आपोआप सैल केलं नसेल, तर वाळूपुरतं बंद करायला हरकत नाही.

दगडांवरही ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवणं

वाळूत चालतं ते दगडात चालत नाही. दोन मोटरच्या गाडीत पुढच्या दोन चाकांना एक मोटर आणि मागच्या दोन चाकांना एक. डिफरेन्शियल लॉक होत नसेल तर उचललेलं चाक हवेत गरगर फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल त्या हवेतल्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणून जोर दुसऱ्या बाजूला जातो. तेच बंद केलं की गाडी नाल्यात अडकून पडते. रॉक मोड लावा, ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा आणि तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं (जसं पुढचं डावं आणि मागचं उजवं) उचलली गेली तर घाबरून पेडल सोडू नका. दोन-तीन सेकंद एकसारखा हलका दाब ठेवा. ब्रेकची करकर ऐकू येईल, मग गाडी पुढे सरकेल. वेग माणसाच्या चालीइतका. दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्यापेक्षा टायर त्याच्यावर चढवा, कारण मध्ये बॅटरीचा ट्रे आहे. ट्रेला आपट बसली तर थांबून खाली बघा: चेंबलेला पत्रा, ठिबकणारं कूलंट, स्क्रीनवरचा इशारा. यातलं एकही दिसलं तर गाडी चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला कळवा.

पूर्ण चार्ज करून घाट उतरणं

तोरणमाळला मुक्काम करून रात्रभर चार्जिंग, आणि सकाळी १०० टक्के बॅटरीने शहाद्याकडे उतार. बॅटरीत जागाच नसल्यामुळे रिजन जवळजवळ बंद असतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तीन टनांची गाडी हजार मीटर खाली आली तर सुमारे ८ युनिट ऊर्जा सुटते. एरवी तिचा मोठा भाग बॅटरीत गेला असता, आता ती डिस्क तापवते. वरून निघताना चार्ज ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवा. कच्च्या, खडी पसरलेल्या उतारावर हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप रोखून धरणारी सोय) ताशी ५-६ किमीवर लावा आणि पाय पेडलवरून काढून ठेवा.

हवा सगळीकडे सारखीच कमी करणं

दारावरच्या स्टिकरवर ४२ ते ४८ पीएसआय लिहिलेलं असेल तर वाळूत २० ते २५, चिखलात आणि दगडात २८ ते ३२ ठेवा. एवढ्या जड गाडीला २० च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून उतरतो. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा.

कापणी झालेल्या शेतात मात्र हवा कमी करूच नका. कपाशीची, तुरीची धसकटं तिरपी छाटलेली आणि वाळून खिळ्यासारखी टणक झालेली असतात. हवा कमी असली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि धसकट तिथेच घुसतं. बाजूचं भोक पंक्चरवाला बुजवू शकत नाही, टायर बदलावाच लागतो. सोबत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ठेवा आणि डांबर लागताच हवा भरा.

फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालणं

हवा ओढणारं इंजिन नाही, म्हणून इलेक्ट्रिक गाडी पाण्यात बिनधास्त जाते, हा समज जीवघेणा आहे. खालून बंदिस्त असल्यामुळे ती तरंगायला लागते आणि टायरची पकड सुटते. फरशी (नाल्यावरचा बुटका पूल) दिसत नसेल आणि पाणी वाहत असेल तर थांबा. सातपुड्यात वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही नाल्याला पूर येतो. साचलेल्या पाण्यात काठीने खोली मोजा, कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा आणि ताशी ५-६ किमीने जा. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवा. चार्जिंग पोर्ट कोरडा असल्याशिवाय गन लावू नका.

तापलेली गाडी बंद करणं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. वाळूत संथ चालताना रेडिएटरला वारा मिळत नाही. मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारं यंत्र) तापतात आणि गाडी ताकद कमी करते. हा बिघाड नाही. सावलीत थांबा, पण गाडी बंद करू नका. सुरू ठेवून पार्कमध्ये टाकली की कूलंटचा पंप आणि पंखा चालू राहतो. एसीला बॅटरीही थंड करायची असते, म्हणून केबिनचं तापमान थोडं वर न्या. स्क्रीनवरची रेंज आधीच्या डांबरी रस्त्याच्या हिशेबाने आलेली असते. चिखलात, वाळूत ती निम्म्यावरही येऊ शकते. धडगाव-अक्कलकुव्याकडे जाताना एक तृतीयांश चार्ज संपला की परत फिरा.

ट्रॅक्टरला कुठेही दोर बांधणं

दोर फक्त कंपनीने दिलेल्या रिकव्हरी हुकला बांधा. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा ट्रॉली जोडायच्या बॉलला बांधला आणि बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. लोखंडी साखळीने झटके देऊ नका, जाड नायलॉनचा दोर घ्या आणि त्याच्यावर मधोमध ओलं पोतं टाका. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. गाडी न्यूट्रलला हवी, पार्किंग ब्रेक सुटलेला हवा. ओढणं फक्त खड्ड्यातून बाहेर येईपर्यंतच. चाकं जमिनीवर ठेवून गावापर्यंत ओढत नेलं तर मोटर फिरून वीज तयार करत राहतात आणि इन्व्हर्टर जळू शकतो. पुढचा प्रवास फ्लॅटबेडवरच (चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर). जॅक लावताना बॅटरीचा ट्रे टाळून ठरलेल्या पॉइंटवरच लावा, आणि चिखलात जॅकखाली जाड फळी घाला.