क्यू आला आणि यू नाही, मग काय करायचं?

ठाण्याहून वाशी लोकलने जाताना मी आणि माझी मावसबहीण मोबाईलवर स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल जोडून शब्द बनवायचा खेळ, खेळतो, आणि ऐरोली येईपर्यंत माझ्याकडे क्यू हमखास येतो पण यू काही येत नाही. आधी मी वैतागून टाइल बदलून टाकायचो. आता नाही. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द पाठच करून टाका, अर्धी कामं तिथेच होतात. परवा माझ्याकडे ए, आय, आर, एफ आणि क्यू होते, पाच मिनिटं नुसता बघत बसलो आणि घणसोलीला ट्यूब पेटली, अरे हा तर आपला फकीर! स्पेलिंग एफ-ए-क्यू-आय-आर, बोनस न धरता 17 पॉइंट. बहीण म्हणाली चीटिंग, पण चालतो तो शब्द. रोटी, घाट, धोती पण चालतात बरं का.

बाकी वेळी अक्षरं ओळीत ठेवून बघू नका, डोकं अडकतं. कागदावर गोल लिहा, स्वर बाजूला काढा, आणि आय-एन-जी, ई-आर, ई-डी असलं काही शेपूट निघतंय का ते आधी बघा, कारण हातातल्या सातही टाइल एकदम लागल्या की वर 50 पॉइंट मिळतात.

गेम संपल्यावर वनलूक या शब्द शोधायच्या साइटवर बघा. माहीत नसलेल्या एका अक्षराला प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांना स्टार. म्हणजे स्टार-क्यू-स्टार टाकलं की क्यूवाले शब्द समोर. वर्डलसाठी, म्हणजे पाच अक्षरी शब्द ओळखायच्या खेळासाठी, शोधत असाल तर अक्षरं आणि प्रश्नचिन्हं मिळून पाचच हवीत. चालू गेममध्ये मात्र नको, बहीण स्क्रीनमध्ये डोकावते.