भूमध्य समुद्रातील लॅमिनेरिया रॉड्रिग्वेझी: चित्रफितीवर ओळख आणि नोंद

लॅमिनेरिया रॉड्रिग्वेझी हे मोठ्या पात्याचे तपकिरी शैवाल केवळ भूमध्य समुद्रात आढळते आणि तेही मुख्यतः 50 ते 120 मीटर खोलीवर, त्यामुळे त्याचा शोध बहुधा आरओव्हीने, म्हणजे केबलला जोडलेल्या कॅमेरायंत्राने, टिपलेल्या चित्रफितीवरच घ्यावा लागतो. मालवणच्या खडकांवरचे सरगॅसम हे शैवाल ओहोटीला हाताने चाचपून पाहता येते. येथे ती सोय नाही. चित्रफीत पाहताना नजर आपोआप पात्यावर जाते, ती मुद्दाम बुडाकडे न्यावी.

आधी जागा नीट निवडावी. तांबडा प्रकाश पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो आणि खोलवर निळसर-हिरवा तेवढा उरतो. तो टिपण्यासाठी या शैवालाकडे फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य असले, तरी पाणी गढूळ असेल तर त्याचाही उपयोग होत नाही. म्हणून स्पेनच्या बालेआरिक बेटांमधील मेनोर्का सामुद्रधुनी किंवा इटलीच्या उस्तिका बेटाजवळचा अपोलो हा समुद्रतळाचा उंचवटा यांसारखी नितळ पाण्याची, प्रवाह खेळता असलेली आणि उन्हाळ्यातही तळाशी गारवा टिकणारी ठिकाणे पाहावीत. तळ खडकाळ असावा किंवा रोडोलिथांचा, म्हणजे चुनखडीयुक्त लाल शैवालांच्या सुट्या गुलाबी गोळ्यांचा.

अशा तळावर कॅमेरा स्थिर करून पात्याचा देठ खालपर्यंत न्याहाळावा. गोळ्यांवरून सरपटत गेलेले, फांद्या फुटलेले दोरीसारखे धावते खोड आणि त्यातून जागोजागी वर आलेले आखूड देठ दिसले, तर ओळख जवळजवळ पक्की समजावी. लॅमिनेरिया ओक्रोल्युका या दुसऱ्या तपकिरी शैवालाचे पाते बोटांसारखे चिरलेले आणि देठ ताठ असतो, त्यामुळे ते लगेच वेगळे काढता येते. खरी गफलत होते ती फिलॅरिऑप्सिस ब्रेव्हिपेस या तपकिरी शैवालाशी, कारण त्याचेही पाते अखंड असते. मात्र त्याला धावते खोड नसते. बूड झाकलेले असेल, तर नोंदीत प्रजातीचे नाव न घालणेच योग्य.

नवे पाते देठाच्या सांध्यापाशी वाढते आणि मागील वर्षाचे जीर्ण पाते काही काळ त्याच्याच टोकाला चिकटून राहते. मधला भाग आकसलेला दिसतो, म्हणून मोजणीत ही दोन शैवाले धरू नयेत. लांबीचा अंदाज कॅमेऱ्यावरील लेझरच्या दोन ठिपक्यांमधील ठाऊक अंतरावरून घ्यावा.

जाळ्यात आलेले किंवा तळावर आडवे पडलेले सुटे पाते ‘वाहून आलेले’ असे लिहावे. ते तेथेच वाढले असे गृहीत धरू नये. नमुना परवान्याशिवाय घेऊ नये, कारण बर्न आणि बार्सिलोना या आंतरराष्ट्रीय करारांच्या संरक्षित प्रजातींच्या याद्यांमध्ये ही प्रजाती आहे.

शैवाल न दिसल्यासही फेरीचा मार्ग, खोली, तारीख आणि तळाचा प्रकार टिपून ठेवावा. 1948-49 मधील ह्वार या समुद्र-संशोधन मोहिमेच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच एड्रियाटिक समुद्रात या शैवालाचा विस्तार 85 टक्क्यांहून अधिक घटल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवता आले. त्यात तळ खरवडणाऱ्या ट्रॉल मासेमारीवर ठपका ठेवला गेला. जाळ्याचे ओरखडे दिसल्यास तेही त्याच नोंदीत, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह लिहावेत.